समुद्राची तपासणी

एखाद्या खात्यानं फायली लपवाव्यात, चुका लपवाव्यात, फार तर साहेबांना दुपारी लागणारी झोप लपवावी. पण एका अख्ख्या खात्यानं मिळून समुद्राची ओहोटी लपवली, असं मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. आणि लपवली कुणापासून, तर आमच्या हिच्यापासून, जी केवळ ती ओहोटी बघण्यासाठी राजधानीहून रेल्वे, बस आणि पोटातलं सगळं वर आणणारी एक बोट, एवढं सोसून त्या बेटावर गेली होती. मी गोष्टी वाढवून सांगतो असा आमच्या सोसायटीत एक समज आहे. तुम्हालाही तसं वाटलं तर माझ्या मेव्हण्याला विचारा. तो आला नव्हता, पण माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

ही म्हणजे माझी बायको. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आमची राजधानी समुद्रापासून इतकी लांब की इथल्या माणसाला खारं पाणी हवं असेल तर घसा दुखण्याची वाट पाहावी लागते. अशा गावात हिनं पिढ्यान् पिढ्यांना भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर गोल पृथ्वी, शेजारी छोटा चंद्र, आणि पाण्याला बाण. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" ही म्हणाली, "नाही." मुलगी खाली बसली. मुलगी बसली, पण तो प्रश्न हिच्या मनात जो उभा राहिला तो काही बसेना. भाजी निवडता निवडता मधेच थांबायची आणि म्हणायची, "अहो, इतकी वर्षं मी ऐकीव माहितीवर पगार घेतला. तिथे पाणी जात नसेल तर?"

मी म्हणायचो, जातं गं. पाणी जातं यात मला कधीच नवल वाटलं नाही. मी पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालोय. आमच्याकडे ते अगदी नियमित जायचं. येण्याबद्दल मात्र खात्याचं धोरण शेवटपर्यंत ठरलं नाही.

पण हिचं समाधान होईना. शेवटी मी जाहीर करून टाकलं, की आपण समुद्र बघायला जायचं, आणि तोही काठावरचा नाही, चारी बाजूंनी वेढणारा. एका बेटावर. जाहीर केलं ते दुर्दैवानं जिन्यात. जिन्यात बोललेली गोष्ट आमच्याकडे सार्वजनिक मालमत्ता होते. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर येऊन सांगून गेले, की समुद्राच्या हवेनं कवळी सैल होते, तेव्हा तिथे शक्यतो हसू नका. सोसायटीच्या चेअरमननी बजावलं, की बेटावर गेल्यावर आधी बेटाचा सर्वांत उंच भाग कुठला ते विचारून ठेवा. आणि मेव्हण्यानं तर ठरवूनच टाकलं, की पोहता आल्याशिवाय तो मला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही.

पोहायला त्यालाही येत नाही. पण पुस्तक वाचलेलं होतं. रोज सकाळी गॅलरीत स्टूल ठेवून तो मला त्यावर पोटावर झोपवायचा आणि हातपाय मारायला लावायचा. समोरच्या इमारतीतली माणसं चहाचे कप घेऊन बघत उभी राहायची. पहिल्या दिवशी तिकडून एका सज्जन गृहस्थांनी ओरडून विचारलं, की पेशंटला दवाखान्यात न्यायला गाडी हवी आहे का. आठवड्याच्या शेवटी मेव्हण्यानं मला पास केलं. म्हणाला, आता तुम्ही कुठल्याही समुद्रात बुडणार नाही, फक्त स्टूल बरोबर ठेवा.

हे सगळं सोपं होतं. अवघड होता परवाना. त्या बेटावर कुणालाही मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही. परवाना लागतो, आणि तो राजधानीतल्याच एका कचेरीत मिळतो. आम्ही गेलो तेव्हा पर्यटकांच्या खिडकीपुढची रांग जिना उतरून, फाटक ओलांडून, कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याला वळसा घालून गेली होती. माझ्या पुढ्यात मधुचंद्रासाठी परवाना मागायला आलेलं एक जोडपं होतं. त्यांचं थोरलं पोर त्यांच्या पायाशी बसून पाढे म्हणत होतं. पाढे मी जरा वाढवून सांगतोय; पोर खरं आहे.

हिला रांगेत उभं राहायची सवय नाही, रांग लावायची आहे. ती सरळ शेवटच्या रिकाम्या खिडकीशी गेली. आत एक बाबू मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, कशासाठी जायचंय. दुसरं कुणी असतं तर "फिरायला" म्हणून मोकळं झालं असतं. पण ही म्हणजे मोघम उत्तराचा अर्धा गुण कापणारी बाई.

"खात्री करायला," ती म्हणाली.

"कशाची?"

"समुद्राची. वेळेवर येतो-जातो का, ते बघायचंय."

बाबूंची पेन्सिल थांबली. ती खिडकी निरनिराळ्या खात्यांतून तपासणीला जाणाऱ्या साहेबलोकांसाठी होती, हे आम्हाला कुठे ठाऊक. त्यांनी मान वर केली आणि आवाज उतरवून विचारलं, की वरून आदेश आहे का. ही म्हणाली, "वरून कशाला? मीच ठरवलंय." इतक्या अधिकारानं बोलणारं माणूस त्यांच्या खिडकीवर बहुधा आजवर आलं नसावं. ते उठून उभे राहिले, जाऊन शिक्का घेऊन आले, आणि आमची चहाची विचारपूसही झाली. परवान्यावर लिहिलेलं होतं: प्रयोजन तपासणी, अधिकारी एक, सोबत इसम एक. इसम म्हणजे मी.

ही पहिल्याच पायरीवरून परत फिरली. खिडकीशी जाऊन म्हणाली, तपासणी नव्हे हो, खात्री. बाबू हात जोडून म्हणाले, "बाई, सरकारकडे खात्रीचा शिक्का नसतो."

आम्ही परवान्याची घडी घातली आणि जिना उतरलो.

प्रवासाचं मी सांगत नाही. बोटीत मी रेलिंगला धरून काय काय केलं हे सांगण्यासारखं नाही, आणि हिनं ते सांगायचं सोडलेलं नाही. बेट दिसलं ते नारळीच्या झाडांच्या शेंड्यांवरून, मग पांढरी वाळू, मग धक्का, आणि धक्क्यावर उंचीनुसार उभे असलेले लोक. मला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस आपल्याच बोटीत आहे. मी अंग चोरून बाजूला झालो. तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातले, गणवेशाला पोटाशी दम लागलेला, असे एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी हिला कडक सलाम ठोकला. ते बेटाचे बंदर अधिकारी. राजधानीहून त्यांना फोन गेला होता, की समुद्राची तपासणी करायला बाई येताहेत. मला त्यांनी त्यांची छत्री धरायला दिली.

"मदतनीस का?" त्यांनी विचारलं.

"नवरा," मी म्हणालो.

"अरेरे," ते हळहळले. "तेही काम तुमच्याकडेच का?"

हिनं लगेच खरं काय ते सांगितलं. म्हणाली, साहेब, काहीतरी घोटाळा होतोय, मी शाळेत भूगोल शिकवायची. साहेबांनी मागे वळून आपल्या बडेबाबूंकडे बघितलं, बडेबाबूंनी डोळा मिचकावला, आणि साहेब अदबीनं म्हणाले, "समजलं, बाई. आम्ही सगळ्यांना तसंच सांगू." त्यानंतर ती जितक्या वेळा आपण शिक्षिका असल्याचं सांगायची तितका तिचा हुद्दा वर सरकायचा. दुसऱ्या दिवशी ती उपसचिव होती. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर मला कानात विचारत होता, की बाई मंत्र्यांच्या बहीण का.

आम्हाला सरकारी विश्रामगृहात ठेवलं. खोली झकास, पलंग मोठा, पण समुद्राकडच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. म्हणे दुरुस्ती चालू आहे. दार उघडावं तर दाराशी जीप. जीपमधून आम्हाला दोरखंडांची कोठारं दाखवली, पाण्याची टाकी दाखवली, झेंड्याची काठी आणि तिला लावलेला नवा रंग दाखवला, आग विझवायच्या बादल्या दाखवल्या. बादल्या मोजायला लावल्या मला. रोज ठरलेल्या वेळेला समुद्रही दाखवत, पण तो काठोकाठ भरलेला असतानाच. धक्क्यावर खुर्ची मांडून हिला बसवायचे आणि साहेब हात क्षितिजापर्यंत फिरवून म्हणायचे, "बघा बाई. कुठे कमी आहे?"

ही म्हणायची, छान आहे, पण खाली कधी जातो?

"कोण म्हणालं जातो?" साहेब दुखावल्या आवाजात विचारायचे. मग घड्याळात बघून घाईनं जीप मागवायचे, आणि जीप थेट बेटाच्या मधल्या टेकडीमागे, जिथून पाण्याचा थेंबही दिसत नाही अशा जागी, कुठल्या तरी पंपाची पाहणी करायला न्यायचे.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी आमची परतीची बोट होती. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ही पलंगाच्या कडेला बसून टॉवेलची घडी घालत होती. घातली, मोडली, पुन्हा घातली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या निघायचं. आणि मी बघितलं काय? एक मोठा भरलेला हौद. आता त्या मुलीनं रस्त्यात गाठून विचारलं तर तिला काय सांगू? की बेटावर जाऊन आले आणि बादल्या मोजल्या?"

बादल्या मी मोजल्या होत्या, पण ही वेळ ते सांगायची नव्हती. हिनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही, म्हणजे मी देऊ शकेन असं तरी नाही. त्या टॉवेलकडे बघून माझं काळीज हललं. मी विश्रामगृहाच्या खानसाम्याला जाऊन गाठलं. खानसामा म्हणजे इथला स्वयंपाकी, सरळ माणूस. त्याला विचारलं, की मागून समुद्राकडे दार आहे का. तो म्हणाला, आहे की, पण साहेबांनी त्याला कपाट लावलंय.

उजाडायच्या सुमाराला ते कपाट मी सरकवलं. माझी कंबर त्या दिवसापासून थोडी डावीकडे राहते. दार उघडलं, आणि आम्ही दोघं उंबऱ्यातच थबकलो.

समुद्र नव्हता.

जिथे काल पाणी होतं तिथे ओली, सुरकुतलेली वाळू, थेट लांबवर. होड्या जेवून आडव्या झालेल्या माणसांसारख्या कुशीवर पडलेल्या. खेकडे आपापल्या कामाला निघालेले. धक्क्याच्या हिरव्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. आणि खूप खूप मागे, पांढऱ्या रेघेसारखं, पाणी.  हिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि ती चालू लागली. थोडं गेल्यावर वाकून तिनं ओल्या वाळूला तळवा लावला, जसा ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात.

"अहो," ती म्हणाली, "खरंच गेलंय हो."

त्या उघड्या वाळूच्या मधोमध एक लाँच रुतून बसलेली होती. टपाला शंख चिकटलेले, बाजूला खात्याचं नाव अजून वाचता येत होतं. आम्ही तिच्यापाशी पोचतो तोच मागून धापा ऐकू आल्या. बंदरसाहेब, बडेबाबू आणि ड्रायव्हर, तिघंही पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पळत येत होते. साहेबांचा चेहरा लाँचपेक्षा पांढरा होता. भांडं फुटलं होतं. ती गस्तीची लाँच बऱ्याच वर्षांपूर्वी बुडालेली. पण बुडाल्याचं कळवायची जबाबदारी कुणाची यावर एकमत न झाल्यानं कागदोपत्री ती अजून रोज गस्त घालत होती. पाणी उतरलं की तिचं डोकं वर यायचं. म्हणून कुणी तपासणीला आलं की ओहोटीच दिसू द्यायची नाही, असा त्यांच्याकडे आधीच्या साहेबांपासून रिवाज पडून गेला होता.

साहेब हात जोडून म्हणाले, "बाई, ही ओहोटी माझ्या कारकिर्दीतली नाही. मी आलो तेव्हापासून आहे ती."

ही हसली. म्हणाली, साहेब, ती तुमच्या खात्याच्याही आधीपासूनची आहे. आकाशात चंद्र आहे तेव्हापासूनची.

आणि साहेबांनी तो एक प्रश्न विचारला, जो भूगोलाच्या निवृत्त शिक्षिकेला भर समुद्रात कुणीही विचारू नये.

"चंद्राचा काय संबंध?"

साहेब बदलीवर आलेले होते, जंगल खात्यातून. त्यात त्यांचा दोष नव्हता. पण हिचे डोळे असे काही उजळले, की मला शाळेची घंटाच ऐकू आली. तिनं साहेबांना वाळूच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, तुम्ही पृथ्वी. निवड उत्तम होती. पोटामुळे विषुववृत्त आपोआप उठून दिसत होतं. बडेबाबू चंद्र. त्यांनी तोंड पृथ्वीकडे ठेवून भोवती फिरायचं. ड्रायव्हरला जागचं हलायचा मूळचाच कंटाळा, म्हणून त्याला सूर्य केलं. मी काय करू म्हणून विचारलं तर म्हणाली, तुम्ही चपला धरा.

मग जो तास रंगला म्हणता. पृथ्वी स्वतःभोवती गिरक्या घेत होती, चंद्र हात पसरून पृथ्वीचं पाणी आपल्याकडे ओढत होता, सूर्य जांभया देत होता. ही प्रश्न विचारत होती आणि पृथ्वी चुकीची उत्तरं देत होती. "चंद्र समोर आला की काय होतं?" "बाई, चक्कर येते." मी खोटं सांगत नाही, हिचं वय त्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत वीसेक वर्षांनी उतरलं. असं बघायला मिळावं म्हणून माणसानं आणखी दोन कपाटं सरकवावीत.

अमावास्या समजावून झाली आणि पौर्णिमा सुरू होणार, एवढ्यात बडेबाबू फिरता फिरता थांबले. दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, चंद्राचे पाय भिजले."

"मधे बोलायचं नाही," ही म्हणाली, आणि मग तिनं खाली बघितलं.

जन्मभर भरती शिकवलेल्या बाईच्या वर्गात भरती येऊन बसली होती आणि बाईंना पत्ता नव्हता. किनाऱ्याकडची वाळू खोलगट. ती आमच्या मागून आधीच भरली होती. आम्ही उभे होतो तो उंचवटा तेवढा राहिला होता, तोही वितळत चाललेल्या बर्फाच्या लादीसारखा. साहेबांनी सांगून टाकलं, की त्यांना पोहता येत नाही. बडेबाबूंना येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, मला जीप येते. मला येत होतं, पण स्टुलावर. तेव्हा एकच उपाय उरला. आम्ही सगळे एकमेकांना ढकलत, ओढत त्या लाँचच्या टपावर चढलो.

आता हे हसण्यावारी सांगतोय. तेव्हा मी मनातल्या मनात मेव्हण्याचं स्टूल शोधत होतो. पाणी लाँचच्या खिडक्यांना लागलं, मग खिडक्या गेल्या. हिनं माझा हात धरला. चारचौघांत तिनं माझा हात कधी धरलेला नाही, लग्नातसुद्धा लोक बघतायत म्हणून लगेच सोडला होता. मी विचारलं, भ्यालीस का.

"नाही हो," ती म्हणाली. डोळे पाण्यावरच. "बघताय ना कसं येतंय ते? सगळीकडून येतंय. मी फळ्यावर एका बाजूनं बाण काढायचे. मुलांना सांगायला हवं होतं, की ते सगळीकडून येतं."

सुटका करायला आला तो खानसामा. दार उघडं आणि कपाट तिरकं बघून तो किनाऱ्यावर धावला होता. त्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन निघाला, आणि हाताला लागला तो राजहंस. पर्यटकांच्या पोरांसाठी असते ना, पायानं पॅडल मारायची होडी, पांढरी, लांब मानेची, डोळ्यांना पापण्या रंगवलेली, ती. एक खानसामा आणि एक माणूस, एवढीच जागा. साहेबांनी त्या परिस्थितीतही शिष्टाचार सोडला नाही. म्हणाले, आधी तपासणी अधिकारी. ही म्हणाली, सहलीला नेलं की आधी मुलं घरी जातात, बाई शेवटी. आणि तिनं ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेपुढे सूर्य निमूटपणे हंसात बसला. मग चंद्र गेला. मग पृथ्वी गेली. तेव्हा हंस एका बाजूला कलला आणि खानसाम्यानं हंसालाच दोनचार शब्द सुनावले. मला ही म्हणाली, आता तुम्ही जा. मी म्हणालो, तुझ्या चपला माझ्याकडे आहेत.

शेवटच्या फेरीला टपावर पाणी आलं होतं, आणि खानसाम्यानं आम्हा दोघांना एकदमच घेतलं. जागा नव्हती, म्हणून मी हंसाच्या मानेला मिठी मारून पुढ्यात बसलो. किनाऱ्यावर एव्हाना सगळं बेट जमलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून सन्मानानं निवृत्त झालेल्या माणसाचं हे चित्र आहे, आणि ते कुणीतरी फोनमध्ये काढून घेतलेलं आहे.

कोरडे कपडे झाले, गरम चहा झाला. परतीची बोट धक्क्याला लागली होती, समुद्र पुन्हा तुडुंब. साहेब हिच्यापुढे येऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा घ्यायला उभं राहावं तसे. म्हणाले, लाँचबद्दल काय शेरा द्यायचा तो द्या. हिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तिनं आज पाच माणसं वाचवली, साहेब. म्हणजे ती अजून कामावर आहे. मी तिच्याविरुद्ध काय बोलू? फक्त तिला आता रिटायर करा. मलाही केलंच ना." साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे निरोपसमारंभ जाहीर केला, आणि धक्क्यावर खुर्च्या आल्या.

खुर्चीत बसता बसता ही मला हळूच म्हणाली, "येताना बघितलं. फार बघितलं. जाताना मात्र नाही बघितलं हो. सकाळी आपण गेलो तेव्हा ते गेलेलंच होतं." तक्रार नव्हती. असू दे, एवढंच मिळालं तेही पुष्कळ, असा सूर होता. तोच मला लागला.

साहेब बोलायला उठले. ते जंगल खात्यापासून सुरू करून हळूहळू समुद्राकडे येत होते. बोटीचे कप्तान पहिल्या रांगेत बसले होते, कारण समारंभाला हजेरी सक्तीची. मी हिच्याकडे बघितलं. ती साहेबांकडे बघतच नव्हती. ती धक्क्याच्या पायऱ्यांकडे बघत होती. सगळ्यांत वरच्या पायरीखाली एक ओली रेघ दिसायला लागली होती. बोटाएवढी. पाणी निघालं होतं.

साहेबांनी आटोपतं घेतलं. टाळ्या झाल्या. कप्तान टोपी घालून उठले. आणि मी उभा राहिलो. म्हणालो, आभारप्रदर्शन राहिलंय.

आपल्या लोकांचा हा एक मोठा गुण आहे. भाषणातून माणूस उठून जाईल, जेवणावरूनही जाईल, पण आभारप्रदर्शनातून कुणी हलत नाही. न जाणो, पुढचं नाव आपलं असायचं. कप्तान बसले. मी सुरुवात केली ती राजधानीपासून. खिडकीतल्या बाबूंचे आभार मानले. दातांच्या डॉक्टरांचे, चेअरमनचे, मेव्हण्याचे, त्याच्या स्टुलाचे मानले. खानसाम्याचे मात्र दोनदा मानले, कारण त्याचे आभार मानून संपणारे नव्हतेच. कप्तान उठू लागले की मी त्यांचं नाव घ्यायचो, मग ते लाजून बसायचे. दुसरी पायरी उघडी पडली. मी हंसाचे आभार मानले. कपाटाचे मानले. एकदा मी एका शार्क माशाचेही आभार मानले, जो त्या दिवशी आलाच नाही. तिसरी पायरी. भत्ता न घेता रोज ये-जा करणाऱ्या चंद्राचे मानले. लोक आधी हसत होते, मग माना डुलवायला लागले, मग डुलक्या घ्यायला. मी मात्र एक डोळा हिच्यावर ठेवून होतो. ती खुर्चीच्या टोकाला येऊन बसली होती. तिला कळलं होतं की बोटीखालचं पाणी चाललंय. ती धक्क्यावरची एकटी व्यक्ती होती जिला ते कळलं होतं. जन्मभर खरं बोलणारी ती बाई त्या दिवशी चकार शब्द बोलली नाही.

शेवटी बोटीनं मोठा उसासा टाकला, कलली, आणि चिखलात बूड टेकून बसली.

मग एकच गोंधळ झाला. कप्तानांनी टोपी आपटली. बोट आता पुढच्या भरतीशिवाय हलणार नव्हती, आमचं पुढचं रेल्वेचं तिकीट गेलं होतं, आणि सगळा धक्का समुद्राच्या नावानं बोटं मोडत होता. ही धक्क्याच्या टोकाला जाऊन पाय सोडून बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. उन्हं उतरत होती. पाणी घाई न करता, मागे वळून न बघता, वाळू मोकळी करत निघालं होतं. जाता जाता इथे एक डबकं ठेव, तिथे एक शिंपला ठेव, असं. ती बघत होती. ज्यांनी ज्यांनी तिला इथवर पोचवलं, चुकून किंवा मुद्दाम, त्या सगळ्यांचे आभार मी मनातल्या मनात पुन्हा एकदा मानले, आणि माझ्या लक्षात आलं, की एवढ्या लांबलचक भाषणात एक माणूस राहूनच गेलं.

मी तिच्याकडे वळून घसा खाकरला.

"गप्प बसा हो जरा," ती म्हणाली. "अजून एक पायरी उघडी पडतेय."